खुबा मोडल्यानंतर स्वतःच्या घरी: औसा तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण रुग्णाच्या परवानगीनं, नाव-गाव वगळून लिहिते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लातूर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन उपचार करते. खुबा मोडला की ऑपरेशनपर्यंत सगळं घर धावपळ करतं. माणूस परत उभं राहणार की बाजेला खिळणार, हे मात्र पुढच्या सहा महिन्यांत घरात काय घडतं त्यावर ठरतं. आणि त्या सहा महिन्यांत आड येतं ते बहुतेक वेळा हाड नसतं. आड येतं घर, आणि घरच्यांची माया.

रुग्ण आणि अपघात

वय ६२. नवरा वारलेला. साडेतीन एकर कोरडवाहू रान. खरिपाला सोयाबीन-तूर, रब्बीला ज्वारी-हरभरा. मुलगा पुण्याकडं कंपनीत, मुलगी लातूरला दिलेली. बाई एकट्याच राहतात, पण भिंतीला भिंत लागून पुतण्याचं घर आहे. पुढं त्यांना मावशीच म्हणते, कारण पहिल्या दिवसापासून मी त्यांना तेच म्हणत आले.

घर दोन खणांचं माळवद. दगड-मातीच्या रुंद भिंती, आत सागवानी खांब, वर तुळया आणि मातीचं छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भागात अशी हजारो घरं माणसांवर कोसळली. मावशींच्या घराची मागची भिंत तेव्हा पडली, बाकी घर राहिलं. छत गळू नये म्हणून मृग लागायच्या आत त्यावर पांढरी माती टाकावी लागते. ती टाकून उतरताना शिडी सरकली आणि मावशी अंगणातल्या दगडांवर पडल्या. उजव्या मांडीचं हाड खुब्याच्या जरा खाली मोडलं. पडताना हात टेकवला म्हणून डावं मनगटही मोडलं.

लातूरला तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. मांडीत रॉड टाकला, मनगटाला सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. सर्जननी दुसऱ्याच दिवसापासून, सोसेल तेवढा भार पायावर द्यायची परवानगी कागदावर लिहून दिली होती.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावरून घरोघरी घोळ होतो. खुब्याचं ऑपरेशन म्हटलं की लोक सगळं एकाच मापात मोजतात. पण गोळा बदललेल्या माणसाला सुरुवातीला खाली वाकणं, पायावर पाय टाकणं, खाली बसणं यांची बंधनं असतात, कारण नवा गोळा निसटायची भीती असते. रॉड टाकलेल्या माणसाचा सांधा त्याचा स्वतःचाच असतो. त्याच्या मर्यादा ठरतात त्या दुखण्यावर, ताकदीवर आणि हाड किती जुळून आलंय त्यावर. मावशींना भेटायला येणारी प्रत्येक बाई दुसऱ्या कुणाच्या तरी ऑपरेशनची बंधनं सांगून जायची, आणि मुलगी ती सगळी पाळायची.

मुलीच्या घरी

दवाखान्यातून सुटी झाल्यावर मावशींना मुलीच्या घरी नेलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी नोकरी करणारी, दोन लेकरं शाळेत. तिनं आईसाठी काही कमी केलं नाही. अंघोळ घालणं, केस विंचरणं, ताट हातात देणं, पाणी तोंडाशी धरणं, सगळं. रात्री माय उठली आणि पडली तर काय, या धास्तीनं तिनं डायपर आणले. मला बोलावलं गेलं ते तेव्हा, कारण मावशींनी जेवण निम्म्यावर आणलं होतं आणि पाणी पिणंच सोडलं होतं.

मी विचारलं तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून बोलल्या. “लेकराची लंगोट बांधली मला. मी काय लेकरू हाव का? लघवी लागते ते कळतंय मला, जायला येईना एवढंच.”

तपासणीत दुखणं आटोक्यात होतं, जखम कोरडी होती, पोटऱ्यांना सूज किंवा ठणका नव्हता. ती खूण मी दरवेळी पाहते, कारण पडून राहिलेल्या पायात रक्ताची गाठ होऊ शकते. बळ कमी झालं होतं ते कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूंचं, म्हणजे एका पायावर उभं असताना कंबर सरळ ठेवतात त्या स्नायूंचं. एका माणसाच्या आधारानं त्या चारपाच पावलं टाकत होत्या. बार्थेल निर्देशांक १०० पैकी ५५ आला. हा निर्देशांक १९६५ पासून वापरात आहे. जेवण, अंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना अशी दहा कामं माणूस स्वतः किती करतो ते त्यात मोजतात. आकडा वाईट नव्हता. पण त्यात मावशींची अनेक शून्यं केवळ दुसरं कुणी ते काम आधीच उरकून टाकत होतं म्हणून आली होती.

त्यांना काय परत हवंय, असं विचारलं. अशा वेळी रुग्ण बहुधा “चालता यावं” म्हणतात. मावशींनी तीन गोष्टी सांगितल्या. रात्री कुणाला न उठवता लघवीला जाता यावं. आपली भाकरी आपण थापावी. आणि येळवसेला रानात जावं. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकांसाठी: वेळ अमावस्येला, मार्गशीर्षाच्या शेवटी, सगळं गाव आपापल्या रानात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतं आणि आंबील, भज्जी, उंडे खातं. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. अपघात जूनमधला, येळवस सहा-साडेसहा महिन्यांवर होती. मी त्या तीन गोष्टी तशाच कागदावर लिहिल्या आणि सगळा उपचार त्यांच्यामागं लावला.

मुलाचं म्हणणं, पुण्याला न्यावं. मुलीचं म्हणणं, तीन महिने इथंच ठेवावं, नीट चालायला लागल्यावर गावी. मला दोन्ही पटलं नाही. चांगलं चालता येईपर्यंत घर नको, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ज्या घरात उठण्याचं, जाण्याचं, करण्याचं एकही कारण नाही, तिथं माणूस चालायला लागणार तरी कशासाठी? मावशींना घरी न्यायचं तर आधी घर तयार करायचं, असं ठरलं. पुतण्या आणि त्याची बायको तयार होती. मुलगी आठवडाभर बोलली नाही, पण तिनं अडवलंही नाही.

घराची तयारी

मी मोजपट्टी घेऊन गेले तेव्हा पहिला प्रश्न भिंतीचा आला. शहरात आधाराचा दांडा भिंतीत ठोकला की काम होतं. दगड-मातीच्या भिंतीत ठोकलेला दांडा मात्र माणसाच्या वजनानं मातीसकट बाहेर येईल, आणि तो नेमका आधाराच्या क्षणी येईल. भिंतीचा नाद सोडला. घरातले सागवानी खांब शंभर माणसांचा भार पेलतील असे होते. बाजेपासून दारापर्यंत तीन खांब एका रेषेत. त्यांना दीड इंची जीआय पाइप कमरेच्या उंचीवर पट्ट्यांनी आवळून घेतला. पुढं व्यायामही त्यालाच धरून झाला: बाजूबाजूनं पावलं टाकत जायचं आणि यायचं. कुल्ह्याच्या त्याच कमजोर स्नायूंना यापेक्षा चांगलं काम नाही.

उंबरा नऊ इंच उंच. पुतण्या तो कापायला निघाला. मावशींनी निरोप धाडला, उंबऱ्याला हात लावायचा नाही. लावलाही नाही. दोन्ही बाजूंनी शहाबादी फरशीची निम्म्या उंचीची पायरी बांधली, वॉकरचे चारही पाय मावतील एवढी रुंद. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे पुतण्याच्या लेकरांनी इतकं पाठ केलं की मावशी चुकल्या तर तीच ओरडायची.

बाज मधे झोळ पडलेली होती. अशा बाजेत कुल्हे गुडघ्यांच्या खाली जातात आणि खुब्याच्या माणसाला उठताच येत नाही. दावण आवळून वर फळी, त्यावर पातळ गादी, पायांखाली लाकडी ठोकळे. उंची वीस इंचांच्या आसपास आणली. न्हाणीतली फरशी गुळगुळीत झाली होती, तिला पाथरवटाकडून जात्याला लावतात तशी टाकी लावून घेतली, आणि आत रुंद पायांचा स्टूल ठेवला.

संडास अंगणाच्या टोकाला, स्वच्छ भारतच्या बारा हजारांच्या अनुदानातून बांधलेला. दार अरुंद, आत भांडं खाली बसायचं. त्यावर मधे भोक असलेली खुर्ची ठेवली. तिथली भिंत विटांची होती, म्हणून आरपार बोल्ट घालून दांडा बसला. अंगणात चिखल होण्याआधी फरशीची वाट टाकली.

रात्रीचा प्रश्न राहिला. खुर्चीचं भांडं बाजेजवळ ठेवायचं तर त्याच खोलीत देव्हारा. मावशी तयार नव्हत्या, आणि त्यांच्यावर जबरदस्ती करायचा मला हक्क नव्हता. शेवटी बाजच हलवली, न्हाणीच्या बाजूच्या खणात, देव्हाऱ्याच्या आड. मधे जुन्या लुगड्याचा पडदा. लाइट जातेच, म्हणून चार्जिंगचा दिवा खांबाला टांगला. उशाशी पितळी थाळी आणि पळी: वाजवली की भिंतीपलीकडं पुतण्या उठतो.

अपघाताला तीन आठवडे झाले असताना मावशी घरी आल्या. त्याच रात्री त्या एकट्या उठल्या. सकाळी मला फोन आला, “गेले न् आले. थाळी नाही वाजवली.”

वॉकर, मनगट आणि साडी

डावा हात प्लॅस्टरमध्ये असल्यानं वॉकर धरता येत नव्हता. यासाठी कोपरापुढचा हात टेकवायची सोय असलेला वॉकर मिळतो. गावच्या सुतारानं दुपारभरात तोच घडवला: वॉकरच्या डाव्या दांड्यावर रुंद फळी, वर फोमचा तुकडा, हात निसटू नये म्हणून पट्टा. भार मनगटावर न येता कोपरापासच्या हातावर येतो. फळीची उंची दोनदा बदलावी लागली, कारण खांदा वर उचलला गेला की मानेत दुखायचं.

पंधरवडाभर चालणं घरात नीट होत होतं, अंगणात मात्र त्या येईनात. पाऊस आहे, दमले, उद्या बघू. पायाची ताकद तपासली, भीती आहे का विचारलं. मग पुतणसुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं: मुलीनं गाऊन घालून दिलाय, आणि मावशी गाऊनवर उंबऱ्याबाहेर जायच्या नाहीत, गेल्या जन्मात गेल्या नाहीत. एका हातानं साडी नेसता येत नव्हती, एवढंच कारण होतं. मग आम्ही साडीचाच सराव घेतला. बाजेवर बसून निऱ्या घालायच्या, कमरेला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर, साडी घोट्याच्या वर. दुसऱ्या दिवशी मावशी अंगणात, आणि आठवड्यात शेजारच्या ओट्यावर. उपचाराच्या कागदावर ‘रुग्ण बाहेर चालण्यास अनुत्सुक’ असं लिहून मोकळं होणं फार सोपं असतं. कुणीतरी विचारायला हवं की अंगावर काय आहे.

भाकरी

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं. मनगट आखडलेलं, मूठ अर्धीच वळायची. रबरी चेंडू दिला तो नातवंडांनी नेला. व्यायाम सांगितले की मावशी माझ्यासमोर करायच्या, माझ्यामागं नाही.

ज्वारीची भाकरी करताना हात काय काय करतो ते पाहण्यासारखं आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाचं पाणी घालून तळहाताच्या टाचेनं रगडून मळावं लागतं. त्यात मनगट मागं वळतं आणि त्यावर भार येतो. थापताना बोटं सरळ, मनगट हलकं, गती एकसारखी. आणि थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकताना तळहात वर वळावा लागतो. मनगट मोडल्यावर हे वर वळणं बऱ्याचदा सगळ्यात उशिरा परत येतं. मला जे हवं होतं ते सगळं या एका कामात, योग्य क्रमानं होतं. त्यातून हे काम उभ्यानं, दोन्ही हात मोकळे ठेवून करायचं. वॉकर धरून दहा मिनिटं उभं राहणं वेगळं, आणि काहीही न धरता दोन्ही हातांनी पीठ मळत उभं राहणं वेगळं. तोल खरा इथं कसाला लागतो.

गॅसची शेगडी जमिनीवर होती. विटांवर शहाबादी फरशी टाकून बत्तीस इंच उंचीचा ओटा केला, मागं टेकायला एक खांब येईल असा. पीठ पहिल्यांदा सैल मळायला लावलं, भाकरी तळहाताएवढीच.

आणि इथंच सगळं अडलं. पुतणसून म्हणाली, “ताई, गावात काय म्हणतेल मला? म्हातारीचा पाय मोडलाय न् ही तिला भाकरी थापायला लावली.” तिची काळजी खरी होती. तशी बोलणी सुरूही झाली होती. ओट्यावर बसणाऱ्या दोघीतिघींनी तिला ऐकवलं होतं, आणि लातूरहून मुलीचा फोन येऊन गेला होता. त्या बिचारीनं भाकरी करून ताट झाकून ठेवायला सुरुवात केली होती, आणि मावशी दुखावतील म्हणून मावशींना काही सांगितलंही नव्हतं.

मी माझ्या लेटरहेडवर लिहिलं: ‘रोज सकाळी दोन भाकरी स्वतः थापणे. उभे राहून. घरच्यांनी मदत करू नये. मनगट व तोल यांसाठी.’ खाली सही, शिक्का, तारीख. तो कागद पुतणसुनेनं दाराच्या चौकटीजवळ खिळ्याला अडकवला. त्यानंतर कुणी बोललं की ती कागदाकडं बोट दाखवायची. मुलीशी मी स्वतः बोलले. तिला वाटत होतं की आईकडून काम करून घेणं म्हणजे आईला टाकणं. तिला आईला शनिवारी पाहायला बोलावलं आणि तिच्यासमोर भाकरी करवली. तीन तुटल्या, चौथी तव्यावर गेली. मुलगी मदतीला उठली, मी तिला बसवलं. हे बसणं तिला जड गेलं असणार.

भाद्रपदापर्यंत भाकरी पूर्वीच्या आकाराची झाली. मनगटही मागं आणि वर बहुतेक पूर्ण वळायला लागलं.

परत पडण्याची भीती

घरच्यांना वाटतं, दंड धरून चालवलं की माणूस पडत नाही. धरणारा त्यांना नकळत ओढत असतो, आणि तोल गेला तर दोघंही पडतात. दुखऱ्या बाजूला, किंचित मागं, हात कमरेपाशी तयार ठेवून चालायचं, हे पुतण्याच्या घरातल्या सगळ्यांना शिकवलं. मनगट सुटल्यावर मावशींना जमिनीवरून उठायलाही शिकवलं: कुशीवर, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर, मग बाजेच्या काठाला धरून. पडायचं कसं शिकवतात, असं मुलगा फोनवर म्हणाला. उठता येतं हे माहीत असलेला माणूस कमी घाबरतो, आणि कमी घाबरणारा माणूस ताठरून चालत नाही. ताठरणं हेच पुष्कळदा पडायचं कारण असतं.

मावशी उंचावरून पडल्या होत्या, म्हणून हाडं ठिसूळ आहेत असं लगेच म्हणता येत नव्हतं. पण या वयाच्या बाईचा खुबा आणि मनगट एकदम मोडलं की तपासणी हवीच. हाडांची घनता पाहिली; कमी निघाली, औषध सुरू झालं. खाण्यात तीळ, ताक, अंडी, शेवग्याचा पाला वाढवला. दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ झालं होतं, ते पाणी आणि चालणं वाढल्यावर गेलं.

रॉड टाकलेलं हाड बसताना पाय किंचित आखूड झाला, सेंटीमीटरभर. चप्पल शिवणाऱ्याकडून उजव्या चपलेला तेवढा तळ वाढवून घेतला आणि चालीतला झोका निम्म्यावर आला. लातूरला दाखवायला जाताना एसटीची पहिली पायरी मोठी अडचण होती. ती उंची विटा रचून अंगणात चढून पाहिली, मग स्टँडवर. गावातल्या एकानं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून पैसे मिळतील असं सांगून कागद गोळा करायला लावले होते. ती योजना मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे, जुळून आलेल्या हाडासाठी नाही. हे आधी कळलं असतं तर तहसीलच्या चकरा वाचल्या असत्या.

येळवस आणि त्यानंतर

खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला घरी आल्यावर ३८ सेकंद लागत होते. डिसेंबरात काठीवर १४ लागले. काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध. बार्थेल ९५ झाला. जिन्याला अजून कठडा लागतो. भाकरी त्या निर्देशांकात कुठंच नाही.

येळवसेला बांधापर्यंत बैलगाडी गेली, पुढं हरभऱ्याच्या कडेनं मावशी काठीवर कोपीपर्यंत चालल्या. काळ्या रानात भेगा असतात, म्हणून पुतण्या मागून होता, पण त्यानं धरलं नाही. मुलगा पुण्याहून आला होता, मुलगी लातूरहून. भज्जी मावशींनी आदल्या रात्री स्वतः ढवळली होती. त्यानंतर मुलानं पुण्याला न्यायची गोष्ट काढलेली नाही. माळवदावर मात्र आता पुतण्या चढतो, आणि हे मावशींना मान्य आहे.

एक गोष्ट राहिली आहे. मावशींना खाली मांडी घालून बसता येत नाही. हरिपाठाला त्यांना खुर्ची देतात, आणि देवापुढं सगळ्या बाया खाली असताना आपण खुर्चीवर बसायचं, हे त्यांना सोसत नाही. त्यामुळं त्या देवळात जायचं टाळतात. चालणं, भाकरी, रान सगळं मिळालेल्या बाईचं हे दुःख मी छोटं मानत नाही. एक्स-रेत हाड पूर्ण जुळलेलं आहे, सांधा त्यांचा स्वतःचा आहे, आणि सर्जननी हळूहळू खाली बसायचा प्रयत्न करायला परवानगी दिली आहे. म्हणून आता पाट विटांवर ठेवून त्यावर बसायचा सराव चालू आहे. गुडघे आणि खुबा सोसतील तशी एकेक वीट काढतोय. देवळात तोवर त्या खांबाजवळ पाटावर बसाव्यात, असं पुतणसुनेनं पुजाऱ्याला विचारून ठेवलं आहे, आणि पाटावर आणखी दोघी गुडघेदुखीवाल्याही बसायला तयार झाल्या आहेत.